फेस, नळी आणि चतुर्थ घात



ज्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ सालापासून दारूबंदीचा अंमल आहे, आणि ज्याच्या शेजारच्या चंद्रपुरात तीच बंदी २०१५ साली आली व २०२१ साली उठली, त्या जिल्ह्याच्या सदर ठिकाणी, ऐन उन्हाळ्यातील व्याख्यानमालेत, घरगुती पिंपातून बिअर सुरळीत का वाहत नाही हा विषय घेऊन उभा राहणाऱ्या वक्त्याच्या हेतूविषयी आपल्यापैकी काहींच्या मनात शंका आली असेल, तर ती मी अगदी स्वाभाविक समजतो. (हशा) चिटणीसांनी जाहिरातीत ‘द्रवप्रवाहाच्या काही अडचणी’ एवढेच सोज्ज्वळ शब्द छापले. परंतु आज सभागृहाची दारे उघडी ठेवावी लागली आहेत, यावरून खरी बातमी आधीच फुटलेली दिसते. मागील रांगेत उत्पादन शुल्क खात्याचे कोणी सद्गृहस्थ असतील तर त्यांनी निर्धास्त बसावे. माझ्यापाशी पिंप नाही. नळीविषयीचे एक मत तेवढे आहे.

माझा एक भाचा अमेरिकेत ओहायोत असतो. त्या देशात १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने असा कायदा झाला, की प्रौढ मनुष्याने स्वतःपुरती वर्षाला १०० गॅलन, आणि घरात दोन वा अधिक प्रौढ असल्यास २०० गॅलनपर्यंत बिअर घरी केली तर तीवर कर नाही. आपण १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे रहिवासी. अशी मुभा येथे कोणी कल्पू नये. जवाचा माल्ट, हॉप्स, किण्व आणि त्यांचे आंबवणे हा भाग मी सोडूनच देतो. तो श्रोत्यांना ठाऊक असावा असे कित्येक चेहऱ्यांवरून दिसते. (हशा) तयार झालेली बिअर सुमारे १९ लिटरच्या पोलादी केगमध्ये भरतात. हे केग मुळात सोडावॉटरवाल्यांच्या सरबताच्या अर्काचे. एका तोंडातून सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड आत सोडायचा, दुसऱ्या तोंडातून तळापर्यंत गेलेल्या नळीवाटे बिअर वर चढायची आणि पुढे प्लास्टिकच्या नळीतून तोटीशी यायची, एवढीच ही व्यवस्था.

एका रात्री, म्हणजे त्याच्या सकाळी, भाच्याचा दूरध्वनी आला. “मामा, पेल्यात तीन हिस्से फेस आणि एक हिस्सा बिअर येते. तुम्ही एवढी वर्षे भौतिकशास्त्र शिकवलंत, काहीतरी सांगा!” मी विचारले, तू काय केलेस? तो म्हणाला, दाब कमी केला. आणि येथेच, मंडळी, मला मनुष्यस्वभावाचे दर्शन घडले. फेस फार आला की दाब उतरवायचा, धार मंदावली की दाब चढवायचा. चावी हाताशी असते म्हणून सारा दोष चावीचा!

वस्तुस्थिती अशी आहे. विल्यम हेन्री याने १८०३ साली सांगितले, की द्रवात विरघळणारा वायू त्यावरील दाबाच्या प्रमाणात असतो. आणि द्रव जितका थंड तितका तो वायू अधिक धरून ठेवतो. ४ अंश सेल्सिअसवर चौरस इंचास सुमारे १२ पौंड दाब ठेवला, तर एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटरांच्या आसपास वायू राहतो. तोच वायू २० अंशांवर कोंडून ठेवायचा तर दाब दुपटीहून अधिक लागतो. मग भाच्याने दाब उतरवला तेव्हा काय झाले? विरघळलेला वायू हळूहळू सुटू लागला, नळीत बुडबुड्यांचे कप्पे झाले, आणि फेस तर तसाच राहून बिअर मात्र दोन-चार दिवसांत निर्जीव झाली. पहिलाच पेला फेसाळतो आणि दुसरा ठीक येतो, असे असेल तर तोटी वा नळीचा वरचा भाग गरम आहे असे समजावे. सगळेच पेले फेसाळत असतील तर नळी आखूड आहे किंवा रुंद आहे. केगातील दाब वाटेत क्रमाक्रमाने खर्ची पडला पाहिजे. तो तोटीशी येऊन एकदम सुटला की वायू उसळून बाहेर पडतो. म्हणून मी त्याला सांगितले: दाब पूर्ववत कर, आणि ३/१६ इंच व्यासाची दहा फूट नळी लाव.

आता माझ्या आवडत्या सिद्धान्ताकडे येतो. पॅरिसचे वैद्य झां प्वाझय यांनी १८४० च्या सुमारास दाखवून दिले, की नळीतून वाहणारा द्रव तिच्या त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी करा, प्रवाह सोळावा हिस्सा उरतो! ३/१६ इंचाऐवजी पाव इंचाची नळी घेतली तर डोळ्यांना फरक दिसतही नाही, पण अडथळा तिपटीहून अधिक घटतो. (पहिल्या रांगेतून पाणीपुरवठा खात्याचे एक निवृत्त अभियंते: “बिअरची धार तेवढी शांत वाहत नाही. प्रवाह खळबळता असतो. प्वाझय लागू नाही.”) महाशय, आक्षेप मान्य, मी तो आपल्या मुखातून येण्याची वाट पाहत होतो. खळबळत्या प्रवाहात त्याच धारेसाठी लागणारा दाब व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने बदलतो. म्हणजे माझे मत ढासळत नाही, उलट त्याला आणखी एक घात मिळतो! (टाळ्या. मागून आवाज: “सर, मोहाच्या भट्टीले हा नियम लागते का?” मोठा हशा.) त्या भट्टीच्या प्रवाहाला नळीपेक्षा पोलीस पाटलांचा अडथळा अधिक असतो, तो कोणत्या घाताने वाढतो हे खात्याच्या दप्तरात पाहावे.

परंतु प्वाझय यांना बिअरशी कर्तव्य नव्हते. त्यांना रक्ताचे वाहणे कळून घ्यायचे होते. १८२८ साली त्यांनी पाऱ्याच्या नळीने प्राण्यांच्या धमन्यांतील रक्तदाब मोजला, आणि केसाहून बारीक काचनळ्यांतून द्रव सोडून हा नियम शोधला. मग या जिल्ह्यात, जेथे सिकलसेलची मुले प्रत्येक तालुक्यात आहेत, मी ओहायोतल्या नळीपाशीच का थांबावे? तांबडी पेशी साताठ सहस्रांश मिलिमीटर रुंद. केशवाहिनी कित्येक ठिकाणी तिच्याहूनही अरुंद. निरोगी पेशी अंग चोरून पार होते. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे धागे बनतात, पेशी ताठ होते, विळ्यासारखी वाकते आणि अडकते. एवढ्या सूक्ष्म वाहिनीत प्वाझय यांचा नियम लंगडतो, हे अभियंते महाशयांनी म्हणण्याआधी मीच म्हणतो. परंतु तेथेही हृदयाने दाब वाढवून वाट मोकळी होत नाही. शरीरात पाणी कमी पडले, थंडी बाधली, ताप आला की पेशी अधिक झपाट्याने वाकतात. म्हणून त्या मुलाला भरपूर पाणी पाजावे, पहाटेच्या गारठ्यात उघडे हिंडू देऊ नये, आणि हाडे ठणकू लागली की मांत्रिकाकडे न नेता दवाखान्यात न्यावे. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी चारांत एक संभव रोगाचा. कुंडली पाहणारे आपण, लग्नाआधी रक्त का पाहत नाही? आणि हा दोष येथे टिकला तोही या अरण्यातल्या मलेरियामुळे; कारण वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून काही संरक्षण मिळते. २०२३ सालच्या १ जुलैला मध्यप्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. परंतु माझ्या मते…

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. “पाच मिनिटे. विषयावर यावे.” (हशा) मी विषयावरच होतो, तथापि हुकूम शिरसावंद्य.

धार मंद असण्याची कारणे त्वरेने सांगतो. हॉप्सचा चोथा तोंडाच्या झडपेत अडकतो. दाब सोडून झडप उघडावी व धुवावी. फ्रीज फार थंड असेल तर नळीत बर्फ धरतो. नळी दरवाजात चेंगरलेली असते, हे तर लोक सर्वांत शेवटी पाहतात. तोटी अर्धवट उघडू नये. तिच्या चिंचोळ्या फटीतून फेसच येतो. नळी दर केगानंतर धुवावी, नाहीतर आत खडे धरतात आणि प्रत्येक खड्यावर बुडबुडा जन्मतो. वायू गळतो अशी शंका आल्यास सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे.

भाच्याच्या सिलिंडरचे तेवढे राहिले. त्याचा दाबाचा काटा महिनाभर एकाच आकड्यावर होता, म्हणून तो भरलेलाच आहे अशी त्याची समजूत. आत द्रवरूप वायूचा थेंब आहे तोवर काटा हलत नाही; तो घसरू लागतो तेव्हा सिलिंडर जवळजवळ रिता झालेला असतो. म्हणून सिलिंडर उभा ठेवावा आणि वजनकाट्यावर तोलून पाहावा. केगातल्या नळीच्या माथ्याशी जी रबरी कडी असते, ती झिजली की वायू तेथूनच बिअरमध्ये शिरतो आणि सगळे उपाय फसतात, याविषयी मला बरेच बोलावयाचे होते. परंतु अध्यक्षमहाराज उभे राहिले आहेत, आणि आभाराचे काम ज्यांच्याकडे आहे ते गृहस्थही उठले आहेत.