शिक्षक व्हायचे, तर विषय कोणता?



बारावीचा निकाल लागला की मोहन्यातील मुले आम्हांस विचारतात, "सर, पुढे बी.एड. करायचे आहे, बी.ए.ला कोणता विषय घेऊ?" आम्ही उलट विचारतो, "शाळेत काय शिकवणार?" मानसशास्त्र, तत्त्वज्ञान हे विषय उत्तमच, परंतु दहावीपर्यंतच्या शाळेत तास असतात ते भाषा, इतिहास, भूगोल, गणित, विज्ञानाचे. सहावी ते आठवीच्या शिक्षक पात्रता परीक्षेतही गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे, यांतून एकच गट निवडावा लागतो. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला. ज्यांना लहान मुलांना शिकवायचे आहे, त्यांनी बारावीनंतर डी.एल.एड. करावे.

बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. केले आणि १९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयात ते त्याच शास्त्राचे प्राध्यापक झाले.

२००९ साली एनआरसी कारखाना बंद पडला, अनेक घरांचे पगार थांबले. अशा घरातील मुलाची तीन वर्षे चुकीच्या विषयात जाणे परवडणारे नाही. म्हणून मित्राने घेतला, सोपा वाटला, एवढ्यावर विषय घेऊ नका. आवड पाहा, शाळेतील गरज पाहा, मगच प्रवेश अर्ज भरा.

जयभीम! नमो बुद्धाय!