मूत्रपिंडाची पुंजी


डायलिसिससाठी घनसावंगीहून जालना किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागणे, हे कोणत्याही कुटुंबावरील मोठे संकट होय. मूत्रपिंड थकल्यावर माणूस जागा होतो. परंतु त्याची मूळ पुंजी जन्मापूर्वीच ठरलेली असते.

गर्भधारणेच्या पाचव्या आठवड्याच्या सुमारास गर्भातील एका बारीक नळीला कोंब फुटतो. शेजारच्या पेशी जीडीएनएफ नावाचे प्रथिन सोडतात. ‘वाढ, फांद्या फोड’ हा त्याचा निरोप होय. कोंबाच्या पेशींवरील रेट नावाचे प्रथिन तो स्वीकारते. मात्र मोंढ्यात शेतकरी व खरेदीदार यांची गाठ घालून देण्यास जसा अडत्या लागतो, तशी मध्यस्थाची गरज येथेही असते. पेशीच्या पृष्ठभागावर हेपरान सल्फेट या शर्करेच्या लांब साखळ्या असतात. त्या निरोप्या प्रथिनाला धरून ठेवतात व त्याचे काम सुकर करतात.

जीडीएनएफ नसलेल्या उंदरांत मूत्रपिंडे घडत नाहीत, हे १९९६ मध्ये सिद्ध झाले. १९९८ मध्ये त्याहून विस्मयकारक गोष्ट उघड झाली. या साखळीवर एका ठराविक जागी सल्फेट जोडणारे विकर नसेल, तर कोंब फुटतो, पण त्याला फांद्या येत नाहीत आणि पिल्ले मूत्रपिंडांविना जन्मतात. एवढ्याशा खुणेवर संपूर्ण अवयव अवलंबून!

या फांद्यांच्या टोकांशी रक्त गाळणारे नेफ्रॉन तयार होतात. एका मूत्रपिंडात ते सरासरी १० लाख असतात; कोणाकडे २ लाख, तर कोणाकडे २० लाखांहून अधिक. साधारणतः ३६व्या आठवड्यानंतर नवा नेफ्रॉन घडत नाही. कमी वजनाच्या बालकांत ही पुंजी बहुधा तोकडी असते व पुढे रक्तदाबाचा धोका वाढतो.

‘अ’ जीवनसत्त्व कमी पडल्यास रेट प्रथिन घटते व नेफ्रॉन कमी होतात, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास केला. पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांची बाळे जन्मतः अधिक सुदृढ असल्याचे त्यात दिसले.

म्हणूनच घरातील गर्भवती सुनेच्या, लेकीच्या ताटात पालेभाजी, फळ व दूध आवर्जून असावे, तिची तपासणी वेळेवर व्हावी आणि औषधे केवळ वैद्यकीय सल्ल्यानेच घेतली जावीत. पुढील पिढीसाठी दुकान, शेती राखून ठेवणाऱ्या समाजाने ही पहिली ठेवही जपावी, हीच नम्र विनंती.