जीर्णोद्धार मंदिराचा आणि रोजच्या वागण्याचा

(कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. माझे शिक्षण एस.एस.सी.पर्यंत झालेले. वडील सेवेत असताना वारले म्हणून अनुकंपा तत्त्वावर नोकरी लागली आणि गेली वीस-बावीस वर्षे तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून काम करतो. समितीने दोन शब्द बोलण्याचा आग्रह केला, तो मोडवेना, म्हणून उभा आहे. चुकभूल पदरात घ्यावी.

आपण सर्वांनी मिळून हे कार्य तडीस नेले. कुणी रोख रक्कम दिली, कुणी वाळूच्या खेपा टाकल्या, कुणाच्या घरून गवंड्यांना भाकरी गेल्या. ज्यांच्यापाशी द्यायला काहीच नव्हते त्यांनी चार-चार महिने पाट्या उचलल्या. त्यांची नावे संगमरवरी फरशीवर कोरलेली नाहीत, म्हणून येथे मुद्दाम त्यांची आठवण काढतो.

आजच्या दिवशी मला संत गाडगेबाबांविषयी बोलायचे आहे. बाबांनी आयुष्यभर जमलेला पैसा धर्मशाळा, घाट, शाळा आणि सदावर्ते यांत घातला. नाशिकला, पंढरपूरला, आळंदीला गोरगरिबांनी पाठ टेकावी म्हणून त्यांनी इमारती उभ्या केल्या. कलशाच्या दिवशी धर्मशाळेच्या गोष्टी कशाला, असे कुणी म्हणेल. पण बाबा आज आपल्या गावी आले असते तर काय झाले असते याचा विचार करा. त्यांनी कलशाकडे पाहण्याआधी पायऱ्यांखाली पडलेल्या पत्रावळ्या पाहिल्या असत्या, आणि कुणाला काही न बोलता झाडू हाती घेतला असता. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे, ही त्यांची रीत होती.

त्यांच्या नावाने २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. आपल्या गावानेही त्यात भाग घेतला होता. तपासणी समिती येणार त्या आठवड्यात गाव आरशासारखे लख्ख झाले. पुढच्या आठवड्याचे मी सांगत नाही, आपण सर्वजण येथेच राहतो.

बाबांच्या चरित्रातली एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. बाबांचे मूळ नाव डेबूजी. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव. वडील लवकर गेले, म्हणून लहानपण मामांच्या घरी गेले. तेथे डेबूजी गुरे राखी, शेतात राबे. मामांना लिहिता-वाचता येत नव्हते. सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे ते न कळता अंगठे उठले आणि शेत हातचे गेले. पुढे १९०५ साली घर सोडून बाहेर पडलेला हा माणूस २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवीपर्यंत गावोगाव सांगत राहिला की पोरांना शाळेत घाला. स्वतःला अक्षर येत नव्हते. न कळलेला कागद माणसाचे काय करतो हे त्यांनी घरात पाहिले होते.

आता माझ्या टेबलाविषयी सांगतो. सांगताना लाज वाटते, पण सांगतो.

सात-आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे निराधार अनुदानाचे अर्ज घेण्याचे काम होते. ही संजय गांधी योजना १९८० सालापासून आहे. त्या वेळी महिना ६०० रुपये मिळत, पुढे २०२३ साली ते १५०० झाले. एक म्हातारी आली, विधवा, चार कोसांवरच्या वस्तीवरची. मी कागद चाळले आणि म्हणालो, "नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला नाही, घेऊन या." ती गेली. दाखला घेऊन आली तेव्हा म्हणालो, "उत्पन्नाचा दाखला कुठे आहे?" पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला वयाचा पुरावा निघाला. चौथ्या खेपेला बँकेचे पासबुक. मी खोटे एकदाही बोललो नाही. प्रत्येक कागद लागतच होता. फक्त एका वेळी एकच सांगत होतो, कारण माझ्यापुढे रांग होती आणि तिला वाटेला लावले की पुढचा माणूस येई.

चौथ्या खेपेला ती टेबलाला धरून उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "भाऊसाहेब, मला लिहिता येत नाही, पण ऐकता येतं. पहिल्याच दिवशी समदं का नाही सांगितलं?"

मला राग आला. चार माणसांत बोलल्याचा राग. तिला काहीतरी तुटक बोललोही. घरी आलो, जेवायला बसलो, तर आई भाकरी वाढत होती. वडील गेल्यावर याच आईबरोबर मी अनुकंपाच्या कागदांसाठी हेलपाटे घातले होते. कचेरीबाहेरच्या कट्ट्यावर ती पदराच्या गाठीतले पैसे मोजायची, परतीचे भाडे उरते का ते पाहायची. मी हे सगळे विसरलो होतो. खुर्ची मिळाली की माणूस किती लवकर विसरतो! त्या रात्री जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी मोठे असे काहीच केले नाही. पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या कापल्या आणि प्रत्येकीवर लागणारे सगळे कागद ओळीने, मोठ्या अक्षरांत लिहिले. कुठला कागद कुठे मिळतो तेही लिहिले. जो येईल त्याला चिठ्ठी द्यायची आणि वाचता येत नसेल तर एकदा वाचून दाखवायची. सोबतचे लोक हसले. "गाडगेबाबाच झालास की," असे एक जण म्हणाला. पण महिन्याभरात माझ्या टेबलापुढची रांग कमी झाली, कारण तीच ती माणसे पुन्हा पुन्हा येईनाशी झाली. वेळ वाचवायचा म्हणून जे करीत होतो त्यानेच वेळ जात होता!

आणखी एक फरक पडला. पूर्वी दिवसातून दोन-तीन भांडणे ठरलेली. घरी डोके तापलेले, पोरांवर खेकसणे, पित्ताच्या गोळ्या. ती भांडणे गेली तसे घरातले खेकसणे गेले. रक्तदाबाची गोळी अजून चालू आहे, डॉक्टर ती सोडू देत नाहीत. पण झोप लागते.

त्या म्हातारीचे प्रकरण पुढे समितीच्या बैठकीत मंजूर झाले, चार महिने उशिरा. ते चार महिने तिला कुणी परत दिले नाहीत. त्या काळात ती रोजगारावर जात होती, असे तिच्या शेजारणीकडून कळले. मी तिची क्षमा मागायची होती, ती मागितली नाही. पुढे ती कचेरीत आली नाही आणि मीही वस्तीवर गेलो नाही. ही माझ्या खात्यावरची बाकी आहे.

मंडळी, आपल्या गावातही अशी घरे आहेत. नवरा जाऊन तीन वर्षे झाली तरी सातबाऱ्यावर वारसाची नोंद नाही, पीक कर्ज मिळत नाही. आलेली नोटीस कुणी वाचून दाखवत नाही म्हणून ती आढ्याला खोचून ठेवलेली. बहिणीची सही कशावर घेतली हे बहिणीला ठाऊक नाही. डेबूजीच्या मामांच्या काळाला शंभराहून अधिक वर्षे झाली, पण न वाचता केलेली सही आणि अंगठा अजून गेलेला नाही.

म्हणून समितीपुढे मी एक विनंती ठेवली होती आणि अध्यक्षांनी ती मान्य केली याबद्दल त्यांचा आभारी आहे. येत्या रविवारपासून दर रविवारी सकाळी आठ ते दहा मी या नव्या सभामंडपात, उत्तरेकडच्या खांबापाशी बसेन. समितीने एक सतरंजी आणि लिहायला डेस्क दिले आहे. कुणाचाही कागद असो, वाचून दाखवीन, अर्ज लिहून देईन, काय काय लागते ते एकाच वेळी सांगेन. मंजुरी माझ्या हातात नाही, ती कचेरीत रीतीप्रमाणे होईल. त्याबद्दल कुणी गळ घालू नये. दहावी झालेल्या दोन-तीन मुला-मुलींनी मदतीला यावे, अक्षर चांगले असले म्हणजे झाले.

घरात असतील नसतील तेवढे सगळे कागद पिशवीत घालून आणा, हवे-नको ते मी निवडीन. पैसे द्यायचे नाहीत. चहाही आणू नका, मी घरून घेऊन येईन.