चार वाजताची चटक

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



सेक्रेटरीबाईंनी मला ‘अपक्वाहार’ या विषयावर बोला असे सांगितले, तेव्हा मी आधी नकारच दिला होता. अपक्वाहार म्हणजे चुलीवर न चढलेले अन्न खाऊन राहणे. त्यावर बोलायचे तर ते व्रत पुरते पाळलेली बाई हवी, आणि माझे व्रत तर बाराव्या दिवशी मोडले. मी तसे त्यांना स्पष्ट सांगितले. त्या म्हणाल्या, “मग ते कसे मोडले तेच सांगा.” आता सुटका उरली नाही. तेव्हा आज मी अपक्वाहाराचे गुण गाणार नाही. तो करू पाहणाऱ्या बाईला दुपारी चार वाजता काय होते, एवढ्यापुरतेच बोलणार आहे.

तीन वर्षांपूर्वी माझा रक्तदाब वाढला. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली, वजन उतरवा म्हणाल्या आणि मीठ निम्मे करा म्हणाल्या. त्याच सुमारास नात्यातल्या एका बाईंनी मला कच्च्या आहाराचे महत्त्व पटवले. सहा आठवडे काहीही शिजवलेले खायचे नाही, असे मी ठरवले. गोळी मात्र मी बंद केली नाही, हे आधीच सांगून ठेवते. कोणी तसे करू नये.

सकाळी फळे, दुपारी ताटभर काकडी, गाजर, टोमॅटो, मोड आलेले मूग, खोवलेले खोबरे. पहिले चार दिवस उत्साहाचे गेले. पाचव्या दिवसापासून घड्याळात चार वाजू लागले की मला काही सुचेना. चहाची आठवण येई, ती आवरत असे. पण डोळ्यांपुढे येई तो चिवडा. पातळ पोह्यांचा, खोबऱ्याचे काप घातलेला, हाताला तेल आणि मीठ लागणारा. बाराव्या दिवशी घरात कोणी नाही असे पाहून मी कोठीच्या खोलीत शिरले, दिवा न लावता शेवेचा डबा उघडला आणि उभ्या उभ्या बकाणे भरले. साठीला आलेली बाई मी, पण पुस्तकाखाली चित्रकथा लपवणाऱ्या पोरासारखी दाराकडे पाहत खात होते. आणि दारात सासूबाई उभ्या होत्या.

त्या एक शब्द बोलल्या नाहीत. काठी टेकत परत गेल्या. दुसऱ्या दिवशी बरोबर चार वाजता मला हाक मारली. पुढ्यात एक वाटी होती. कैरीच्या बोटभर फोडी, ओल्या नारळाचे पातळ काप, वरून चिमूटभर मीठ आणि तिखट. म्हणाल्या, “हे बसून खा. आणि तरीही शेव हवीशी वाटली तर ती सुद्धा इथे बसून खा. अंधारात खाऊ नकोस, ठसका लागेल.”

मी ती वाटी संपवली, आणि त्या दिवशी शेवेची आठवण झाली नाही. रोज असेच झाले असे मी म्हणत नाही. पण त्या वाटीने मला विचार करायला लावले.

आपल्या भाषेत पाहा, किती शब्द आहेत. काकडी करकरीत असते, चकली कुरकुरीत, करंजी खुसखुशीत. करकरीत आणि कुरकुरीत ही दोन वेगळी सुखे आहेत. काकडी करकरीत लागते ती तिच्यातल्या पाण्यामुळे. तिच्यात शंभरातले सुमारे पंच्याण्णव भाग पाणीच असते, आणि ते पेशींत गच्च भरलेले असते म्हणून दाताखाली मोडते. चकली कुरकुरीत होते ती पाणी उडून गेल्यामुळे. कच्च्या आहारात पहिले सुख हवे तेवढे मिळते, दुसरे मिळतच नाही. ज्या पुस्तकांत ‘चिवडा आठवला की गाजर खा’ असे लिहिलेले असते, ती लिहिणाऱ्यांनी चिवडा खाल्ला नसावा.

त्यात आणखी एक भेद आहे, तो मला उशिरा कळला. चार वाजता कधी खरी भूक असते. दुपारी नुसती काकडी-गाजरे खाल्ली तर पोट भरल्यासारखे वाटते, पण अंगात पडते थोडेच. अशा वेळी पेरू किंवा केळे पुढे केले तर आनंदाने खाववते. पण पेरू नको, केळे नको, शेवच हवी असे वाटले, तर ती भूक नव्हे, ती चटक. भुकेला पेरू द्यावा, मूठभर भिजवलेले दाणे द्यावेत. चटकेला मात्र मीठ, आंबट आणि दातांना काम, ही तिन्ही एकदम द्यावी लागतात. एकेक देऊन भागत नाही.

मिठाची गोष्ट निघाली म्हणून कस्तुरबांची आठवण होते. दक्षिण आफ्रिकेत त्या आजारी असताना गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळ सोडायला सांगितले. कस्तुरबा म्हणाल्या की तुम्हाला कोणी असे सांगितले तर तुमच्याकडूनही सुटणार नाही. झाले! गांधीजींनी त्या क्षणी वर्षभरासाठी दोन्ही सोडले. बिचाऱ्या कस्तुरबा रडू लागल्या आणि शब्द मागे घेऊ लागल्या. आत्मकथेत हा प्रसंग आहे, आणि मोठमोठ्या लोकांना त्यात पतीचा निग्रह दिसतो. मला दिसते ती आजारातून उठलेली बाई, जिला मीठ सोडणे किती कठीण ते प्रामाणिकपणे सांगता आले. याच गांधीजींनी १८९३ साली प्रिटोरियात आणि पुन्हा १९२९ साली आश्रमात न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग करून पाहिला. दोन्ही वेळा प्रकृतीने साथ दिली नाही आणि त्यांनी तो सोडला. तेव्हा बाराव्या दिवशी हरलेल्या बाईने फार खजील व्हायचे कारण नाही.

तरी मीठ जपून हवे, हे खरेच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि तो भाजी-आमटी, लोणचे, फरसाण सगळे धरून. पापडखारातही मिठातलेच सोडियम असते, हे पुष्कळजणींना ठाऊक नसते. पण मीठ कमी करून चव राखण्याच्या दोन युक्त्या मी शिकले. एक, मीठ पदार्थात कालवू नये, अगदी खातेवेळी वरून भुरभुरावे. ते जिभेला आधी भेटते आणि थोडे पुरते. शिवाय आधी मीठ लावले की काकडी पाणी सोडते आणि करकरीतपणा जातो. दुसरी युक्ती आंबटाची. लिंबू, कोकम, आमचूर घातले की तेच मीठ अधिक वाटते. काही आठवड्यांनी जीभही निवळते. आता बाहेरची शेव मला खारट लागते.

एक सावधगिरी. कच्च्या आहाराची पुस्तके वाचून पुष्कळजणी साधे मीठ टाकून नुसते सैंधव वापरू लागतात. सैंधवातही सोडियम तेवढेच, आणि त्यात बहुधा आयोडीन घातलेले नसते. गलगंडाविरुद्ध आपल्या देशात १९६२ पासून कार्यक्रम चालला आणि त्यातून आयोडीनयुक्त मीठ घरोघर पोचले. ते उगीच घराबाहेर काढू नये.

आता करकरीत. कैरी, काकडी, मुळा, कोवळी तोंडली, नवलकोल, कलिंगडाच्या सालीलगतचा पांढरा भाग, यांच्या बोटभर फोडी करून अर्धा तास थंड पाण्यात टाकाव्या. मलूल मुळासुद्धा पाणी पिऊन ताठ होतो. थंडीत ओल्या हरभऱ्याचे डहाळे घेऊन बसावे. सोलता सोलता वेळ जातो, आणि चटकेचा निम्मा भाग रिकाम्या हातांचा असतो. हुरडा इथे चालणार नाही, तो भाजलेला.

आणि आपली आंब्याची डाळ! चैत्रातल्या हळदीकुंकवाला आपण घरोघर करतो ती. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून जाडसर वाटायची, त्यात किसलेली कैरी, ओले खोबरे, मिरची, कोथिंबीर. यात कच्चे नाही असे काय आहे? एक फोडणी. फोडणीवाचून ती सुनी लागते हे कबूल, पण जिरे कच्चेच भरड कुटून आणि हिंगाची चिमूट लिंबाच्या रसात कालवून घातली तर बरीच जवळ येते. डाळ बेतानेच खावी, नाहीतर पोट फुगते.

कुरकुरीत मिळवायचे तर ऊन हवे. अपक्वाहारी लोक साधारण ४८ अंश सेल्सियसवर अन्न तापू देत नाहीत. उन्हात वाळवलेले त्यांना चालते, आणि वाळवणे आपल्याला कोणी शिकवायला नको. मी करते ते जवसाचे पापड. एक वाटी जवस दीड वाटी पाण्यात रात्रभर भिजवायचे. सकाळी ते बुळबुळीत होऊन एकजीव होतात. त्यात दुसरे काही बांधायला लागत नाही. मग जिरे, वाटलेली मिरची, थोडा किसलेला कांदा पिळून, लिंबू आणि पाव चमचा मीठ घालून प्लॅस्टिकच्या कागदावर, साबुदाण्याच्या पापड्या घालतो तसे, अगदी पातळ पसरायचे. दुपारी वरची बाजू सुकली की उलटायचे. वैशाखाच्या उन्हात दोन दिवसांत मोडता येतात. माझा पहिला घाणा आंबला. जाड थापला होता आणि आभाळ आले होते. आंबूस वास आला तर जीव न गुंतवता टाकून द्यावा. दिवसाला एखाद-दुसरा चमचा जवस पोटात जाईल एवढेच तुकडे खावेत, आणि वर पाणी भरपूर प्यावे.

शेंगदाण्यांचेही असेच. किंचित मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यावर दोन-तीन दिवस कडक वाळवले की भाजल्यासारखे नाही, पण छान खुटखुटीत होतात. सुरकुतलेले, काळपट, कडवट दाणे आधीच वेचून टाकावेत. त्यांतली बुरशी विषारी असते. पालकाच्या पानांना तीळ, लसूण, लिंबू वाटून माखले आणि वाळवले तर हातात चुरतात. पावसाळ्यात यातले काहीही होत नाही, म्हणून मे महिन्यात करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. जूनमध्ये उघडला डबा आणि राहिले झाकण सैल, की सगळे चामट.

आणि उत्साहाच्या भरात काय कच्चे खाऊ नये, तेही सांगायला हवे. राजमा मुळीच नाही. थोडे कच्चे दाणेसुद्धा उलट्या-जुलाब घडवतात. वाल आणि पावटे शिजवूनच. अळूचे पान कच्चे लावले तर घसा खाजून तुम्हाला माझे नाव आठवेल. मोडांच्या ओलाव्यात जंतू वाढतात, म्हणून गरोदर बाईला, तान्ह्या-लहानग्यांना, म्हाताऱ्यांना आणि आजारी माणसांना मोड वाफवूनच द्यावेत. ज्या दूधदुभतेही सोडतात त्यांना बी-१२ जीवनसत्त्व या आहारातून मिळत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारून ते वेगळे घ्यावे.

माझे सहा आठवडे कधीच पुरे झाले नाहीत. आता दुपारी मी घरच्यांबरोबर भाकरी-भाजी खाते, रात्री कच्चे खाते, आणि चार वाजताची वाटी ठरलेली आहे. रक्तदाब आटोक्यात आहे. त्यात गोळी किती, मीठ किती आणि कैरी किती, हे मला सांगता येणार नाही. दिवाळीत मी चिवडा करते आणि बशीत घेऊन सगळ्यांबरोबर खाते. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. त्या वाटीबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही, पण शेवटच्या उन्हाळ्यात त्यांना दात नव्हते, तेव्हा मी त्यांच्यासाठी कैरी किसून देत असे, वर तेवढेच मीठ आणि तिखट घालून.

मागच्या टेबलावर जवसाचे पापड आणि कैरीच्या फोडी ठेवल्या आहेत. फोडींना मीठ लावलेले नाही. मिठाची वाटी शेजारी आहे, ज्याच्या त्याच्या हाताने घ्यायची. डब्याचे झाकण मात्र कृपा करून घट्ट लावा, संध्याकाळी हळदीकुंकवाला येणाऱ्यांनाही पुरवायचे आहेत.