गायक जातो म्हणतो तेव्हा



२००७ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. मुलाच्या हट्टापायी मी पुण्याहून रेल्वेनं बंगळूरला गेलो, आणि तेही एका रॉक बँडचा कार्यक्रम ऐकायला. निघताना सौ. म्हणाली, ‘‘या वयात? कानात घालायला कापूस तरी घ्या.’’ मी खरंच कापूस घेतला होता. २ जूनला पॅलेस ग्राउंडवर ‘एरोस्मिथ’ हा अमेरिकन बँड वाजवणार होता. त्यांचा गायक स्टीव्हन टायलर तेव्हा एकोणसाठ वर्षांचा. मायक्रोफोनच्या दांड्याला ओढण्या बांधलेल्या, अंगात वारं शिरल्यासारखी चाल आणि वर चढत जाणारा तो चिरका, तरीही सुरात बसलेला आवाज. नाट्यसंगीतावर वाढलेला माणूस मी. पण कापूस खिशातच राहिला.

हा बँड १९७० साली बॉस्टनमध्ये जमला. पुढच्याच वर्षी त्यातले पाच जण ठरून गेले : गायक टायलर, गिटारवर जो पेरी आणि ब्रॅड व्हिटफर्ड, बेस गिटारवर टॉम हॅमिल्टन आणि ड्रम्सवर जोई क्रेमर. १९७५-७६ च्या सुमारास त्यांचं नाव अमेरिकाभर झालं. मग पैसा आला, नशा आली, भांडणं आली. १९७९ मध्ये पेरी निघून गेला, १९८१ मध्ये व्हिटफर्ड. दोघांच्या जागी दुसरे गिटारवादक आले आणि बँड कसाबसा चालू राहिला. १९८४ मध्ये दोघेही परतले. आपल्याकडे पुष्कळांना हा बँड ठाऊक झाला तो १९९८ च्या ‘आर्मागेडन’ चित्रपटातल्या गाण्यामुळे.

आमच्या बंगळूरवारीला दोन वर्षं होतात न होतात तोच, ५ ऑगस्ट २००९ रोजी, साउथ डकोटातल्या स्टर्जिस या गावी कार्यक्रम चालू असताना ध्वनियंत्रणा बंद पडली. लोकांना थोपवून धरायला टायलर नाचू लागला आणि नाचता नाचता मंचावरून खाली कोसळला. डोक्याला, मानेला मार बसला, खांदा मोडला. उरलेला दौरा रद्द झाला. नोव्हेंबरमध्ये पेरीनं पत्रकारांना सांगितलं, की टायलर बँड सोडून गेलेला दिसतोय. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १० नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये पेरीच्या स्वतंत्र बँडचा कार्यक्रम होता. तिथं टायलर अचानक मंचावर आला आणि मी कुठंही जात नाही, असं त्यानं लोकांसमोर सांगून टाकलं.

डिसेंबरमध्ये टायलर वेदनाशामक औषधांच्या व्यसनावर उपचार घ्यायला दाखल झाला. आणि जानेवारी २०१० मध्ये बाकीचे नव्या गायकाच्या शोधात असल्याचं जाहीर झालं! टायलरच्या वकिलानं नोटीस धाडली. चाळीस वर्षांचा संसार, आणि बोलणं वकिलांमार्फत.

त्या दिवसांत माझा मुलगा मला म्हणायचा, ‘‘बाबा, गायक गेला तर बँड उरतो का हो?’’ मला चटकन उत्तर देता येईना. आपल्या मैफलीत हा प्रश्नच येत नाही. मैफल गायकाच्या नावाची असते; तबलजी, पेटीवाले साथीला येतात. साथ बदलली तरी मैफल त्याच गायकाची. रॉक बँड मात्र एकत्र कुटुंबासारखा. गाणी सगळ्यांनी मिळून बसवायची, नाव सगळ्यांचं. पण लोकांच्या कानात बसतो तो एकाच गळ्यातून आलेला आवाज. भांडणाचं मूळ तिथंच आहे.

दुसऱ्या बँडांनी यातून वेगवेगळ्या वाटा काढल्या. ‘एसी/डीसी’चा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये वारला. त्यांनी ब्रायन जॉन्सनला घेतलं आणि त्याच वर्षी जुलैत ‘बॅक इन ब्लॅक’ ही त्यांची सर्वांत गाजलेली ध्वनिमुद्रिका बाजारात आली. ‘जर्नी’ या बँडनं २००७ मध्ये फिलिपिन्समधला अर्नेल पिनेडा हा गायक इंटरनेटवरच्या व्हिडिओंमधून शोधून काढला. आणि आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी १९९१ मध्ये गेल्यावर ‘क्वीन’च्या उरलेल्या मंडळींनी पुढं दुसरे गायक घेऊन दौरे केले, पण फलकावर ‘क्वीन’च्या पुढं अधिक चिन्ह घालून त्या गायकाचंही नाव लिहिलं. हे आमचे पाहुणे, जागा त्याचीच, असं सांगण्याची ती रीत मला फार आवडली.

एरोस्मिथवर तेव्हा ती वेळ आली नाही. तडजोड झाली आणि २०१० च्या उन्हाळ्यात पाचही जण पुन्हा दौऱ्यावर निघाले. टायलर दूरचित्रवाणीवर ‘अमेरिकन आयडॉल’चा परीक्षक झाला, २०१२ मध्ये बँडची नवी ध्वनिमुद्रिकाही निघाली.

खरी वेळ आली ती २०२३ मध्ये. निरोपाचा दौरा जाहीर झाला. ड्रमर क्रेमर त्यात नव्हता. त्याच्या जागी दुसरा वादक बसला आणि दौरा ठरल्याप्रमाणे २ सप्टेंबरला फिलाडेल्फियात सुरू झाला. ९ सप्टेंबरला, तिसऱ्याच कार्यक्रमात, टायलरच्या गळ्याला इजा झाली. आधी वाटलं, महिनाभराच्या विश्रांतीनं भागेल. मग कळलं, की स्वरयंत्रालाच तडा गेला आहे.

श्रोतेहो, आपल्या गळ्यातल्या स्वरतंतूंची लांबी बोटाच्या पेराएवढीही नसते. सुरांच्या मेळासाठी जगभर जो ४४० कंपनांचा सूर धरतात, तो गाताना हे इवलेसे पडदे सेकंदाला ४४० वेळा एकमेकांवर आपटतात. टायलर तर त्याच्याही वर जायचा, आणि तेही ओरडून, पन्नास वर्षं. गिटारची तार तुटली तर पाच मिनिटांत दुसरी चढवता येते. इथं ती सोय नाही.

२ ऑगस्ट २०२४ रोजी बँडनं जाहीर केलं, की टायलरचा गळा पूर्ण बरा होणं शक्य नाही. म्हणून आम्ही दौरे कायमचे थांबवत आहोत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यूस्टनहून मुलाचा फोन आला. ‘‘बाबा, वाचलंत?’’ वाचलं होतं. तो म्हणाला, ‘‘या वेळी त्यांनी दुसरा गायक शोधला नाही.’’

मी त्यावर बरेच दिवस विचार केला. माणसं तीच होती. २०१० मध्ये नवा गायक आणायला निघालेली, २०२४ मध्ये वाद्यं खाली ठेवणारी. मला वाटतं, २०१० मध्ये आवाज शाबूत होता आणि माणूस रुसून निघाला होता. रुसलेल्याला ‘तुझ्यावाचून अडत नाही’ असं आपण म्हणतोच. घराघरांतून म्हणतो. तो परत यावा म्हणूनच कित्येकदा म्हणतो. २०२४ मध्ये माणूस समोर बसलेला होता आणि त्याचा आवाज गेला होता. त्याच्या देखत त्याच्या जागी दुसऱ्याला उभं करणं त्यांच्यानं झालं नसावं. हा माझा तर्क. त्यांनी तसं कुठं म्हटलेलं नाही.

टायलर त्यानंतर अगदीच मुका झाला असं मात्र नाही. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमला ‘ब्लॅक सॅबथ’च्या निरोपाच्या कार्यक्रमात तो थोडा वेळ गायला. सत्त्याहत्तर वर्षांचा होता. मुलानं मला त्याचा व्हिडिओ पाठवला. सौ. शेजारी बसून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, ‘‘बराच गातो की हो.’’

मी तिला बंगळूरच्या कापसाची आठवण करून दिली.