सेपुर झार्कोच्या बायांचा दावा



दूर ग्वाटेमाला देशात माया आदिवासी राहतात. तिथं 1960 ते 1996 सरकारी फौज आणि बंडखोरांचं युद्ध चाललं. मारले गेले ते बहुतेक माया.

सेपुर झार्को भागातले पुरुष कसत्या जमिनीचा कागद मागत होते. 1982 साली फौजेनं त्यांना धरून नेलं. ते परत आले नाहीत. मग त्यांच्याच बायकांना फौजेच्या तळावर पाळीनं राबवलं. मक्याच्या भाकरी भाजायच्या, सैनिकांचे कपडे धुवायचे, वर अत्याचार सोसायचा.

तीस वर्षं गेली. बाया म्हाताऱ्या झाल्या, पण एक झाल्या. 2011 साली त्यांनी तक्रार दिली. साक्ष आपल्या केक्ची बोलीत दिली. दुभाषी कोर्टानं आणायचा. जमिनीतून उकरलेली हाडं पेट्या भरून कोर्टात आली. फेब्रुवारी 2016 मध्ये निकाल लागला. तळावरच्या अधिकाऱ्याला 120 वर्षं, फौजेच्या स्थानिक हस्तकाला 240 वर्षं कैद. आणि हे त्यांच्याच देशाच्या कोर्टानं केलं.

कोर्टानं जमिनीचे दावे पुढं न्यायलाही सांगितलं, कारण गुन्ह्याचं मूळ जमिनीत होतं.

आपण यातून काय घ्यायचं? गुन्हा जुना झाला म्हणून मिटत नाही. कोण आलं, कधी आलं, कुणाला नेलं, हे गावानं लिहून ठेवायचं. एकटीला गप्प करता येतं. सगळ्या बसल्या की न्यायाधीशालाही ऐकावं लागतं.