खिशातला चाकू निवडताना

आज चाकूविषयी बोलायचं आहे. स्वयंपाकघरातल्या सुरीविषयी नव्हे, तर खिशात मावणाऱ्या, मिटणाऱ्या चाकूविषयी. असा चाकू घ्यायचं म्हटलं की घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "हे हत्यार कशाला हवंय?" विचारणाऱ्याचा त्यात दोष नाही. हिंदी सिनेमानं आपल्याला मिटता चाकू दाखवला तो रामपुरी. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा, खटक्याचा, आणि बहुतेक वेळा खलनायकाच्या हातातला. पण शाळेत बोरूनं कित्ते गिरवायचे त्या काळी बोरू तासायला चाकूच लागे, आणि आजही माळी, वायरमन, पार्सलं सोडवणारा कारकून यांचं त्याच्यावाचून अडतं. आपलंही अडतं. पार्सलची चिकटपट्टी दातांनी ओढणारी माणसं आपण रोज पाहतो.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. शस्त्रविषयक नियमांतल्या वर्गवारीत येतात ती ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं, आणि तीही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली नसतील तरच. आपण बोलतो आहोत त्या चाकूचं पातं साडेतीन इंचांच्या आतलं. तरीही बेफिकीर राहू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७व्या कलमाखाली सणासुदीला, निवडणुकीच्या किंवा मोर्चांच्या दिवसांत मनाई आदेश निघतात, त्यात लाठ्याकाठ्यांबरोबर चाकूंचंही नाव असतं. अशा दिवसांत चाकू घरी ठेवावा. विमानानं जाताना तो मोठ्या बॅगेत टाकावा, हातातल्या पिशवीत नको. आणि बटण दाबताच सटकन उघडणारा खटक्याचा चाकू घेऊच नये. पेरू कापायला त्या सटकन उघडण्याचा काडीचा उपयोग नाही.

आता निवडीकडे वळू. दुकानदार पहिल्यांदा सांगतो ते पोलादाचं नाव. अमुक नंबरचं, तमुक देशाचं, इतक्या रॉकवेल कठीणपणाचं. गिऱ्हाईकही तेवढंच विचारून समाधान मानतं. माझ्या मते हा प्रश्न दुसरा किंवा तिसरा असावा. पहिला प्रश्न पात्याच्या जाडीचा. हल्ली रुबाबदार दिसणारे जे चाकू विकले जातात त्यांचं पातं पाठीकडे तीन-साडेतीन मिलिमीटर जाड असतं. दिसायला दणकट. पण त्यानं गाजर कापायला घ्या. धार कितीही लावलेली असो, पातं आत शिरता शिरता गाजर कापलं जाण्याआधीच तडकतं. जाड पातं पाचरीसारखं काम करतं. लाकूड फोडायचं असेल तर ते ठीक, आपल्याला मात्र कैरीची फोड करायची आहे, पेन्सिलीला टोक काढायचं आहे, सुतळी तोडायची आहे. यासाठी पाठ दोन मिलिमीटरच्या आसपास आणि तिथून धारेपर्यंत निमुळतं होत गेलेलं पातं हवं. लांबी सात ते साडेआठ सेंटिमीटर. एवढ्यात हापूसच्या बाठ्याला घासून दोन्ही गालांच्या फोडी निघतात. याहून आखूड पातं टरबुजासमोर हात टेकतं, याहून लांब असलं की खिशात टोचू लागतं.

हे गणित फार पूर्वी नेमकं जमवलं ते फ्रान्समधल्या एका लोहाराच्या मुलानं. आल्प्सच्या कुशीत सावोआ नावाचा प्रांत आहे, तिथं जोझेफ ओपिनेल यानं १८९० साली शेतकऱ्यांसाठी एक चाकू केला. बीच झाडाच्या लाकडाची गोल मूठ, तिला पाडलेली चीर, चिरेत मिटणारं पातळ पातं, बस्स. आज त्याचे आकार २ ते १२ क्रमांकांत मिळतात. त्यातला आठ नंबर सर्वांत जास्त दिसतो, त्याचं पातं साडेआठ सेंटिमीटर आणि पाठ दोन मिलिमीटरहूनही कमी. सुरुवातीला पातं उघडं राही ते केवळ लाकडाच्या पकडीवर. १९५५ साली मार्सेल ओपिनेल यानं मुठीच्या तोंडाशी एक फिरतं कडं बसवलं. ते फिरवलं की पातं बोटांवर मिटत नाही. आतल्या पट्ट्या, स्प्रिंगा, स्क्रू यांची भानगड नाही. डावखुऱ्यालाही ते कडं तितकंच सोयीचं. मला स्वतःला याहून हुशार साधेपणा चाकूत दिसलेला नाही.

पण हा चाकू जसाच्या तसा आपल्याकडे आणावा का? इथे आपल्या हवामानाचा विचार करावा लागतो. लाकडी मूठ पावसाळ्यात दमट हवेनं फुगते आणि चिरेतलं पातं घट्ट आवळून धरते. रत्नागिरीत किंवा पणजीत जुलै महिन्यात तो नखानं उघडत नाही. सावोआतल्या लोकांना ही अडचण ठाऊक होती. कडं मोकळं करायचं, मुठीचं बूड टेबलावर हलकेच आपटायचं, की पातं थोडं बाहेर येतं. या युक्तीला तिकडे सावोआवाल्यांचाच ठोका म्हणतात. युक्ती छान आहे, पण चार महिने रोज ठोकत बसायचं असेल तर दुसरा चाकू बघितलेला बरा.

तो दुसरा म्हणजे स्वित्झर्लंडचा लाल चाकू. कार्ल एल्सनर यानं १८८४ साली इबाख या गावात कारखाना काढला आणि १८९१ साली स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. त्या चाकूत पात्याबरोबर डबा उघडायचं अवजार, दाभण आणि स्क्रू-ड्रायव्हर होता, कारण शिपायांना मिळालेली नवी बंदूक सुटी करायला स्क्रू-ड्रायव्हर लागे. पुढे १८९७ मध्ये आला तो अधिकाऱ्यांचा हलका चाकू, बाजारात आपण ज्याला स्विस नाइफ म्हणतो त्याचा पूर्वज. याचं पातं मागच्या स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहतं, त्याला कुलूप नसतं. यामुळे काही लोक त्याला नाक मुरडतात. मला ती हरकत अर्धीच पटते. आपण धार पुढे ओढून कापतो तेव्हा पातं मिटण्याच्या दिशेनं जोर येतच नाही. जोर येतो तो टोक खुपसताना. आणि चाकू हा खुपसायला नसतोच, पुठ्ठ्याला किंवा पट्ट्याला भोक पाडायचं तर त्याच चाकूत दाभण दिलेलं आहे. मात्र हातात चाकू धरायची सवय नसलेल्यानं कुलपाचाच घ्यावा. घेताना अवजारांची संख्या मोजू नये. दोन पाती, दाभण, डबा आणि बाटली उघडायची सोय, एवढं पुरे. तीस अवजारांचा ठोकळा खिसा फाडतो आणि शेवटी टेबलाच्या खणात जाऊन पडतो.

आता पोलाद. साधं कर्ब-पोलाद लवकर धार घेतं, पण कैरी-लिंबाच्या आंबटानं करडं-निळसर पडतं. तो थर बसला तर बिघडत नाही, उलट थोडा बचावच होतो. सफरचंदाच्या फोडीला मात्र लोखंडाचा वास येतो, आणि किनाऱ्यावर खाऱ्या हवेत दोन दिवस दुर्लक्ष झालं की तांबूस ठिपके पडतात. सोलापूर-नगरच्या कोरड्या हवेत कर्ब-पोलाद खुशाल घ्या. कोकणात, मुंबईत, गोव्यात स्टेनलेसच घ्या. क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की पोलाद स्टेनलेस म्हणवतं. पण नुसता आकडा फसवतो. सध्या स्वस्त चाकूंत गाजणाऱ्या डी-टू पोलादात क्रोमियम १२ टक्के असतं आणि तरी ते गंजतं, कारण त्यातलं कर्बाचं प्रमाण मोठं आणि बरंचसं क्रोमियम कर्बाशी बांधलं जातं. शिवाय डी-टूची धार गेली की घरच्या दगडावर ती परत आणता आणता हात भरून येतात. स्विस चाकूचं पोलाद त्यामानानं मऊ, ५६ रॉकवेलच्या आसपास. धार लवकर उतरते, पण पाच मिनिटांत परत येते. रोजच्या कामाला मला हा सौदा पसंत आहे.

दुकानात एवढं करून पाहा. पातं उघडून दोन्ही अंगांना हलवा, लटपटलं तर बाजूला ठेवा. मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावता कामा नये, नाहीतर खिशात हात घालताच रक्त. ओल्या हातानं, नखं कापलेली असताना उघडतो का तेही बघा. करवतीसारख्या दात्यांचं पातं नायलॉनच्या दोरीला झकास असतं, पण त्याला घरच्या सपाट दगडावर धार लावता येत नाही. अर्धं दातेरी आणि अर्धं सपाट तर ना धड हे ना धड ते.

धारेसाठी हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा कुरुंदाचा दगड पुरतो. सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे हा चाकू देऊ नका. ठिणग्या उडतात तेव्हा पातळ पातं तापतं, कड निळी पडते आणि पोलादाला दिलेलं पाणी उतरतं. मग ती धार टिकत नाही. दगड जवळ नसेल तर चिनी मातीचा कप पालथा घाला, त्याच्या बुडाची चकाकी नसलेली खरखरीत कड असते, तिच्यावर पंधरा-वीस अंशांच्या कोनात पातं हलक्या हातानं फिरवा. आंबा-गुळाचं चिकट सांध्यात गेलं असेल तर कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. लाकडी मूठ भिजत घालू नका. कोरडं झाल्यावर सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब घाला. पात्याला खोबरेल चालतं, थंडीत गोठलं तरी बोटाच्या उबेनं पातळ होतं. जवसाचं तेल तेवढं टाळा, काही दिवसांत ते चिकट होऊन चाकू उघडेनासा होतो.